नाव एकदाच वाचलं जातं

दरवर्षी २१ ऑक्टोबरला सकाळी मुंबईत नायगावच्या पोलीस हुतात्मा मैदानावर परेड होते. बातम्यांत पुष्पचक्र दिसतं, सलामी दिसते आणि दृश्य पुढे सरकतं. या परेडचा गाभा मात्र कर्तव्यावर मारल्या गेलेल्या पोलिसांच्या एका यादीत आहे. ती यादी कशी बनते आणि वाचून झाल्यावर तिचं काय होतं, हे आपल्याला माहीत असायला हवं असं मला वाटतं.

ही तारीख लडाखमधून आली. २० ऑक्टोबर १९५९ रोजी हॉट स्प्रिंग्ज ठाण्यावरून टेहळणीला गेलेल्या तुकड्यांपैकी एक परतली नाही. दुसऱ्या दिवशी करमसिंग या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली जवान शोधाला निघाले. टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला आणि १० पोलीस मारले गेले. त्यांचे मृतदेह चीनने परत दिले १३ नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांहून अधिक काळाने. त्याच उजाड उंचीवर, पोलिसी इतमामात, त्यांना अग्नी दिला गेला. पुढे जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन ठरला. तेव्हा सीमेची राखण पोलिसांकडेही होती, हे आज कित्येकांच्या लक्षात नसतं.

आता यादी. तिचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं आणि ३१ ऑगस्टला संपतं. परेडच्या आधी पन्नासेक दिवस मिळतात, तेवढ्यात देशभरातली नावं एकत्र येतात. सर्व राज्यांची पोलीस दलं आणि केंद्रीय दलं, शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत, सगळे एकाच यादीत.

मैदानावर हुकूम होतो, ‘शोक शस्त्र!’ एरवी कवायतीतली प्रत्येक हालचाल खटकन होते, ही मात्र मुद्दाम संथ असते. रायफल उलटी होते, नळीचं तोंड बुटाच्या चवड्यावर टेकतं, दस्त्यावर हात येतात आणि मान खाली जाते. ज्या हत्याराने लढायचं तेच जमिनीकडे वळवून उभं राहायचं. दुःख दाखवायची इतकी शिस्तबद्ध रीत मी दुसरी पाहिलेली नाही. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. हवेत फैरी झाडल्या जातात.

यादी त्या एका वर्षाचीच असते, म्हणून प्रत्येक नाव परेडवर एकदाच वाचलं जातं. पुढच्या वर्षी तिथे नवी नावं येतात.

काही नावं मात्र परेडबाहेरही टिकतात. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांचंच बघा. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा हा माणूस आधी लष्करात होता, १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत आला आणि डी. बी. मार्ग ठाण्यात नेमणुकीला होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा, गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती. दहशतवाद्यांनी पळवलेली स्कोडा गाडी अडथळ्यापुढे थांबली, वळायला गेली आणि दुभाजकावर आदळली. गोळीबारात एक दहशतवादी ठार झाला. दुसरा, अजमल कसाब, गाडीतून उतरला. ओंबळ्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या तरी सोडली नाही. तेवढ्या क्षणांत सहकाऱ्यांनी कसाबला पकडलं. तो जिवंत हाती लागला म्हणून कट कुठे शिजला हे त्याच्या तोंडून कळलं, खटला उभा राहिला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली.

त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ते नळीला भिडले तिथे, चौपाटीवर, आज त्यांचा पुतळा आहे. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिलं. प्राणिशास्त्राच्या नोंदीत एका सहायक फौजदाराचं नाव कायमचं गेलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण असं भाग्य यादीतल्या फार थोड्यांना मिळतं. बाकीच्यांसाठी दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. ते २०१८ मध्ये, २१ ऑक्टोबरलाच खुलं झालं. तिथे ३० फूट उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ आहे आणि शौर्यभिंतीवर स्वातंत्र्यापासून कर्तव्यावर मारल्या गेलेल्या पोलिसांची नावं कोरली आहेत. उद्घाटनाच्या वेळी ती ३४,८४४ होती. हॉट स्प्रिंग्जचे दहाजण त्यांत आहेत, ओंबळेही आहेत आणि ज्यांची नावं परेडवर एकदा ऐकून आपण घरी गेलो, तेही आहेत.