मोटरीवाचून बैहर-बिरसा

बालाघाट म्हटले की आपल्या मंडळींना मराठवाड्यातील डोंगररांग आठवते. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हाही मराठी माणसाला परका नाही. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तो जिल्हा झाला. नावाचा अर्थ घाटावरचा प्रदेश. गंमत अशी, की जिल्ह्याचे शहर मात्र घाटाखाली, वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. खरा घाटमाथा बैहर आणि बिरसा या तहसिलींत.

तिथे जायचे तर मोटर हवीच, असा समज आहे. तो फारसा खरा नाही. इंदुराहून रात्रीच्या गाडीने जबलपूर गाठावे. तेथून नैनपूरमार्गे बालाघाटपर्यंत आता रुंद मापाची रेल्वे आहे. याच मार्गावर पूर्वी सातपुड्यातली प्रसिद्ध छोटी गाडी धावे. जबलपूर-नैनपूर भागात ती २०१५ साली थांबली. नागपूरकडून येणाऱ्यांना गोंदिया सोयीचे.

खरी अडचण बालाघाटनंतर सुरू होते. राज्य परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय २००५ साली झाला आणि मार्ग खासगी बसगाड्यांच्या हाती गेले. म्हणून छापील वेळापत्रकावर विसंबू नये. स्टँडवर उतरताच आधी परतीची शेवटची गाडी विचारावी, मग जाण्याची. रोज नवे ठिकाण धरण्यापेक्षा बैहरला बिऱ्हाड टाकून तेथून हिंडावे, हे उत्तम.

बालाघाटहून बैहरची वाट घाट चढते. वर पोचल्यावर साल वृक्षाचे रान लागते. माळव्यात सागाची सवय झालेल्या डोळ्यांना हे झाड नवे वाटते. साग उन्हाळ्यात उघडाबोडका होतो, साल सहसा पुरता निष्पर्ण होत नाही. बैगा आणि गोंड यांची गावे याच रानात वसलेली. बसमध्ये शेजारी बसणारी माणसे तीच; मोटरीने जाणाऱ्याला हा सहवास मिळत नाही.

एक दिवस बिरसा आणि मलाजखंड यांसाठी ठेवावा. मलाजखंडची तांब्याची खाण देशातील मोठ्या खाणींपैकी एक. खाणीत परवान्यावाचून प्रवेश नाही, हे ध्यानात असू द्यावे. उजेड असेतो बैहरला परतावे.

शेवटचे दोन दिवस कान्ह्यासाठी. या राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की द्वार बालाघाट जिल्ह्यातच आहे. सकाळची फेरी उजाडतानाच निघते. त्या वेळेला बैहरहून बस मिळेल या भरवशावर राहू नये. आदल्या रात्री मुक्कीजवळच मुक्काम हवा. आत मात्र सर्व प्रवासी सारखेच, कारण स्वतःची मोटर असली तरी ती दाराशी ठेवून उद्यानाच्या नोंदणीकृत जीपमधून, वाटाड्याबरोबर जावे लागते. जागा आधी राखून ठेवावी. पावसाळ्यात उद्यान बंद असते.

वाघ दिसेलच असे नाही. पण कान्ह्याच्या कुरणातला बारशिंगा डोळे भरून पाहावा. १९७० च्या गणनेत तो अवघा ६६ उरला होता. वनखात्याने कुंपणात त्याची पैदास केली, गावे हलवून मोकळ्या झालेल्या जमिनीवर गवत वाढू दिले. त्यामुळे कळप पुन्हा वाढले. ज्या गावकऱ्यांनी त्यासाठी घरे सोडली, त्यांचीही आठवण ते कळप पाहताना ठेवावी.

चार-पाच दिवस, हलके सामान आणि हाताशी एक मोकळा दिवस, एवढ्यावर हा प्रवास होतो. बस चुकली तर तो मोकळा दिवस कामी येतो. न चुकली तर बैहरच्या बाजारात सुखाने घालवता येतो.