पडदा निवडताना : वेग हवा की रेखीवपणा?

कोल्हापूर आणि हलती चित्रे यांचे नाते फार जुने आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली आला. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत आणि सेकंदाला साधारण १६ चित्रे टिपीत. १९३२ साली ‘प्रभात’ने कोल्हापुरातच ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. बोलपटात वेग कमीजास्त झाला की आवाज बिघडतो. म्हणून बोलपटांसाठी सेकंदाला २४ चित्रे हा वेग ठरून गेला.

आज त्याच कोल्हापुरात तुम्ही संगणकाचा पडदा, म्हणजे मॉनिटर, घ्यायला गेलात तर दुकानदार सांगेल, “हा ६० हर्ट्झचा, तो १४४ हर्ट्झचा.” चित्रपटाला २४ चित्रे पुरतात, मग संगणकाला १४४ कशासाठी? समजा, घरात एकच मॉनिटर घ्यायचा आहे. धाकट्याला त्यावर खेळ खेळायचे आहेत, ताईला प्रकल्पाचा अहवाल लिहायचा आहे आणि बाबांना उद्यमनगरातील कारखान्याची ओतकामाची रेखाटने पाहायची आहेत. तर पैसे कशासाठी मोजावेत? थोडे गणित केले की उत्तर सापडते.

वेगाचे गणित

हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात पडद्यावरील चित्र किती वेळा बदलू शकते तो आकडा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ६.९ मिलिसेकंद. आता पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १९२० बिंदू आहेत आणि एक चेंडू ते अंतर एका सेकंदात कापतो असे समजा. पहिल्या पडद्यावर तो दर वेळी ३२ बिंदूंची उडी घेईल, दुसऱ्यावर सुमारे १३ बिंदूंची. आपला डोळा चेंडूमागे सरकत असतो, चित्र मात्र पुढचे चित्र येईपर्यंत जागीच थांबलेले असते. म्हणून उडी जेवढी मोठी, तेवढी चेंडूची कडा अधिक पुसट दिसते.

चित्रपटात हे का खटकत नाही? कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रत्येक चित्रात हालचालीचा थोडा फराटा मुळातच असतो, आणि आपण फक्त पाहणारे असतो. खेळणारा मात्र कळ दाबतो आणि परिणामाची वाट पाहतो. खासबागेत कुस्ती पाहणाऱ्याला डाव क्षणभर उशिरा कळला तरी चालते. आखाड्यातल्या पैलवानाला ते चालत नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली म्हणजे प्रतिसाद काल. बिंदूला रंग बदलण्यास वेळ लागतो. तो ६.९ मिलिसेकंदांपेक्षा जास्त असेल, तर हलणाऱ्या वस्तूमागे सावलीसारखी शेपटी राहते. दुसरी गोष्ट संगणकाची. १९२० × १०८० बिंदूंचा पडदा सेकंदाला १४४ वेळा भरायचा म्हणजे सुमारे २९ कोटी ८६ लाख बिंदूंचे रंग ठरवायचे! तुमचा संगणक खेळाची ६० चित्रेच तयार करू शकत असेल, तर १४४ हर्ट्झच्या पडद्यासाठी मोजलेले जादा पैसे बहुतांशी वाया जातील.

बिंदूंचे गणित

वाचन-लेखनात अक्षरे स्थिर असतात. तेथे बिंदू किती दाट आहेत हे महत्त्वाचे. पायथागोरसचा सिद्धांत वापरा : १९२० आणि १०८० या बाजूंचा कर्ण सुमारे २२०३ बिंदूंचा येतो. पडदा २४ इंची असेल तर २२०३ ÷ २४ म्हणजे इंचाला ९२ बिंदू. तेवढेच बिंदू २७ इंची पडद्यावर पसरले, तर इंचाला ८२च उरतात. म्हणजे मोठा पडदा घेऊन अक्षर अधिक ओबडधोबड झाले! २७ इंची पडद्यावर २५६० × १४४० बिंदू असतील, तर हाच आकडा १०९ होतो.

निरोगी डोळा साधारण १/६० अंशाचा फरक ओळखतो. ६० सेंटिमीटर अंतरावर हे माप ०.१७ मिलिमीटर होते. २४ इंची पडद्यावरील बिंदू सुमारे ०.२८ मिलिमीटरचा, म्हणजे त्याहून मोठाच असतो. त्यामुळे बारीक अक्षरांचे दाते जाणवतात. देवनागरीत तर शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांची दाटी, आणि खाली उकार! ‘मूर्तींच्या’ हा शब्द बारीक अक्षरात पाहा, म्हणजे बिंदूंची दाटी का हवी ते पटेल.

निवड कशी करावी?

लेखन, हिशेब आणि रेखाटने हीच मुख्य कामे असतील, तर ६० किंवा ७५ हर्ट्झ पुरेत. उरलेले पैसे दाट बिंदूंवर आणि उंची कमीजास्त करता येणाऱ्या बैठकीवर खर्च करा. वेगवान खेळ मुख्य असेल आणि संगणक तेवढा समर्थ असेल, तर १४४ हर्ट्झ आणि कमी प्रतिसाद काल पाहा. दोन्ही कामे असतील, तर आयपीएस प्रकारचा पडदा बरा. बाजूने पाहिले तरी त्याचे रंग फारसे बदलत नाहीत. आपल्या उदाहरणातील घरात तिघांपैकी दोघांचे काम स्थिर चित्राचे आहे, म्हणून तेथे बिंदूंना पहिला मान द्यावा.

पडदा कोणताही असो, तो हातभर अंतरावर आणि त्याची वरची कडा डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर जाणार नाही अशी ठेवा. दर २० मिनिटांनी २० सेकंद दूर पाहा. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो, हा दोष महागडा पडदाही घालवू शकत नाही.

करून पाहा

१. चालू पडदा बहिर्गोल भिंगातून पाहा. पांढऱ्या भागात तुम्हांला लाल, हिरवे आणि निळे ठिपके दिसतील.

२. अंधाऱ्या खोलीत पडद्याचा उजेड कमी करून त्याच्यासमोर पेन्सिल जलद हलवा. एकसंध पुसट पट्टा दिसला तर उजेड स्थिर आहे. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर पडद्यामागील दिवा लुकलुकतो आहे.

३. शाळेतील संगणकाच्या पडद्याचा कर्ण मोजा आणि इंचाला किती बिंदू येतात ते काढा. मग त्यावर कोणते काम उत्तम होईल ते गुरुजींशी चर्चा करून ठरवा.