खाजेची बैलगाडी

वाळकीजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. पलीकडच्या काठावर रांजणगाव सांडस, म्हणजे शिरूर तालुका, अलीकडे दौंड. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन आलेली नदी इथपर्यंत संथ झालेली असते. उन्हाळ्यात कित्येकदा तिचं पाणी दिसतच नाही, दिसते ती काठापासून काठापर्यंत पसरलेली जलपर्णी. घाण पाणी हे क्युलेक्स डासांचं आवडतं बाळंतघर. जलपर्णीवर पोसणारे मॅन्सोनिया जातीचे डास तर आणखी अजब. त्यांच्या अळ्या श्वास घ्यायला पाण्यावर येतच नाहीत. शेपटाकडची टोकदार नळी त्या जलपर्णीच्या मुळात खुपसतात आणि झाडाच्या आतली हवा ओढत खाली निवांत लटकून राहतात.

या भागातल्या एका वस्तीवर मी उन्हाळ्यात एक रात्र अंगणात काढली. एका बाजेवर आजोबा उघड्या अंगाने झोपलेले, शेजारच्या बाजेवर पुण्याहून सुट्टीला आलेली त्यांची सहा वर्षांची नात. सकाळी नातीच्या दोन्ही पायांवर रुपयाएवढ्या गांधी उठल्या होत्या, एक डोळा सुजून निम्मा झाकला होता. आजोबांच्या अंगावर खूण म्हणून नव्हती. "आमचं रगात कडू हाय," ते हसत म्हणाले, "डास आमच्या वाटंला जात न्हाय."

पण डास त्यांच्याही वाटेला गेले होते. रात्री बॅटरीच्या उजेडात मी त्यांच्या पाठीवर ते बसलेले पाहिले होते. मग हा चमत्कार कसला?

हे कोडं उलगडलं केनेथ मेलानबी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने, १९४६ साली. डासाच्या चावण्याला माणसाचं अंग आयुष्यभर एकसारखं उत्तर देत नाही, असं त्याने दाखवलं. पहिल्यांदा चावतो तेव्हा काहीच होत नाही. काही चावे झाले की दुसऱ्या दिवशी पुळी उठायला लागते. मग तत्काळ गांध आणि नंतर पुळीही. पुढे नुसती तत्काळ गांध. आणि वर्षानुवर्षं चावून घेतल्यावर पुन्हा काहीच नाही. आजोबा शेवटच्या पायरीवर पोचले होते, नात मधल्या पायरीवर उभी होती. रक्त दोघांचं सारखंच गोड.

याचा अर्थ नीट पाहिला तर जरा गंमत वाटते. डास दोघांनाही तेच देतो. माणसाला चावणारी असते ती मादी. तिला अंड्यांसाठी रक्त हवं असतं. तिची सोंड म्हणजे एक सुई नव्हे, बारीक सहा अवजारांची जुडी. त्यातल्या एका नळीतून ती आधी आपली लाळ आत सोडते. रक्त गोठू नये, रक्तवाहिनी आकसू नये, याची सोय त्या लाळेत असते. सूज आणणारं विष त्यात नसतं. सूज आणतो ते आपणच.

आपल्या कातडीत ठिकठिकाणी मास्ट पेशी दबा धरून असतात. पॉल एर्लिशने १८७८ साली त्या पाहिल्या तेव्हा त्यांच्या पोटात ठासून भरलेले दाणे बघून त्याला वाटलं, या आजूबाजूच्यांना खाऊ घालणाऱ्या पेशी असाव्यात. म्हणून त्याने नाव दिलं ते चरून पुष्ट झालेल्या जनावराला शोभेल असं. प्रत्यक्षात ते दाणे म्हणजे दारूगोळा. अंगाने डासाची लाळ ओळखून ठेवलेली असली की पुढच्या चाव्याला या पेशी फुटल्यासारख्या दाणे बाहेर टाकतात. त्यांतून हिस्टामिन सुटतं, बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरतात, पाणी कातडीत साचतं आणि गांध उठते. तेच हिस्टामिन मज्जातंतूंची टोकं चाळवतं आणि खाज सुरू होते.

ही खाज काय चीज आहे? जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफरने १६६० साली तिची व्याख्या केली : खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी जाणीव. साडेतीनशे वर्षं झाली, यापुढे फारसं कुणी गेलेलं नाही. खाज म्हणजे सौम्य वेदना, असा समज मात्र कित्येक दशकं टिकला. २००७ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांनी उंदरांच्या पाठीच्या कण्यातला एक ग्राही रेणू काढून टाकला, तेव्हा उंदरांचं खाजवणं घटलं पण वेदना होती तशीच राहिली. म्हणजे खाजेचा रस्ताच निराळा.

आणि तो रस्ता बैलगाडीचा आहे. स्पर्शाची बातमी नेणारे जाड मज्जातंतू सेकंदाला पन्नासेक मीटर पळतात, ताशी १८० किलोमीटर. दौंड जंक्शनातून सुटणारी कुठलीही गाडी त्यापुढे मागे पडेल. खाजेचे तंतू बारीक, वेष्टण नसलेले. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. पायाच्या अंगठ्यावर सुरू झालेली खाज कण्यापर्यंत पोचायला सेकंद-दोन सेकंद घेते. 

दोन्ही रस्ते पाठीच्या कण्यात एकमेकांजवळ येतात, आणि तिथे फाटक आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली वेदनेसाठी ही कल्पना मांडली. तपशील पुढे बदलले, पण खाजेलाही असंच एक फाटक लागतं हे आता माहीत आहे. गारवा, ऊब, टोचणी, चोळणं यांची बातमी आली की तिथल्या काही पेशी फाटक पाडतात. एक्स्प्रेस धडधडत जाते, बैलगाडी अलीकडे तिष्ठत राहते.

एवढं ध्यानात आलं की घरोघरचे उपाय वेगळेच दिसायला लागतात.

त्या सकाळी नातीच्या पायावर जे जे लागलं ते मी बघत होतो. आजीने माठातल्या पाण्याचा तांब्या गांधीवर टेकवला. चुलतीने कांदा कापून चोळला. कुणी पानाच्या चंचीतला चुना काढला, पुण्याहून आलेल्या आईने टूथपेस्ट. एक शेजारी विळ्याचं बोथट अंग घासायला निघाले होते, त्यांना थांबवलं.

यात सगळ्यात शहाणा तांब्या. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज मंदावते आणि फाटक पडतं. टूथपेस्टमधला पुदिन्याचा अर्क थंड नसतोच मुळी. तो गारवा ओळखणाऱ्या ग्राही रेणूला चाळवतो आणि मेंदूला थंडीची खोटी वर्दी जाते. उष्णता ओळखणारा रेणू डेव्हिड ज्युलियसने शोधला. गारव्याचा त्याने आणि आर्डेम पटापुटियनने स्वतंत्रपणे. २०२१ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. विळ्यातही फार गूढ नाही, थंड लोखंड आणि घासणं. फक्त ते विळ्यानेच करायचं कारण नाही. उष्णताही चालते : जर्मनीत यासाठी पेनाएवढं यंत्र मिळतं, ते चाव्याच्या जागी सुमारे पन्नास अंशांचा चटका काही सेकंद देतं. घरी चमचा तापवून हा प्रयोग पोरांवर करू नये, भाजून निघतील.

चुन्याची गोष्ट मला जास्त रंजक वाटते, कारण तो शाळेच्या रसायनशास्त्राच्या पाठबळावर उभा आहे. मुंगी-मधमाशीच्या दंशात आम्ल, म्हणून अल्क लावा. गांधीलमाशीचं उलटं, म्हणून लिंबू पिळा. मुंगीच्या आम्लाची कथा खरी आहे. जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाचं मुंग्यांपासून ऊर्ध्वपातनाने आम्ल मिळाल्याचं वर्णन १६७१ साली छापून आलं, आणि फॉर्मिक हे नाव मुंगीच्या लॅटिन नावावरून पडलं. पण मधमाशीच्या विषात निम्म्याच्या आसपास असतं मेलिटिन, २६ अमिनो आम्लांची साखळी, जी पेशींची आवरणंच फोडते. ते काही चिमूटभर खाण्याच्या सोड्याने निवळत नाही. शिवाय एका दंशात विष असतं मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, ते कातडीच्या आत गेलेलं, आणि आपण लेप लावतो वर. चुना थोडा जास्त झाला तर कातडी मात्र खातो.

कांद्याबद्दल मी गप्प बसणार होतो, शिरूरकरांशी कांद्यावरून भांडण नको. त्यातलं क्वेर्सेटिन प्रयोगशाळेच्या काचेत मास्ट पेशींना शांत करतं, हे खरं. कातडीवर कापलेला कांदा चोळला तर जाणवतो तो मुख्यतः ओला गारवा.

हळदीचा मान मोठा. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम बरी करण्याचं पेटंट मिळालं होतं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेचे प्रमुख होते. जुने ग्रंथ आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे ठेवून त्या संस्थेने ते पेटंट १९९७ साली रद्द करवलं. आजीबाईच्या बटव्याने जिंकलेला हा खटला. तरी खटला होता हे ज्ञान आधीपासून कुणाचं याचा. हळदीने डासाची खाज किती मिनिटांत थांबते, हे तिथे कुणी विचारलं नव्हतं.

अंगावर पित्त उठलं की आपल्याकडे आमसूल वाटून लावतात, नाहीतर गेरू. पित्ताच्या गांधी आणि डासाची गांध, दोन्हीमागे त्याच मास्ट पेशी आणि तेच हिस्टामिन. एकीला दुसरीचा उपाय लावणाऱ्या बायकांना हे नातं सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसलं होतं. आणि औषधाच्या दुकानातली ती गुलाबी कॅलामाइनची बाटली? त्यात मुख्यतः झिंक ऑक्साइड असतं, आणि गुलाबी रंग येतो किंचितशा आयर्न ऑक्साइडने. गेरूचा तांबडा रंगही त्याचाच. कातडीवर दोन्ही वाळतात, वाळताना गारवा देतात.

आजी तांब्या धरून सारखं एकच म्हणत होती, "खाजवू नगं गं, चिघळंल." पोरीला ते पटत नव्हतं, कारण खाजवलं की बरं वाटतं; नखांची वेदना फाटक पाडते. पण २०२५ साली पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी सांगितलं की त्याच वेदनेचे तंतू कातडीत 'सबस्टन्स पी' नावाचा रेणू सोडतात, आणि तो मास्ट पेशींना पुन्हा पेटवतो. ज्या उंदरांच्या गळ्यात त्यांनी खाजवता येऊ नये म्हणून कुत्र्याला घालतात तसला शंकूसारखा पट्टा घातला, त्यांच्या कानांची सूज कमी राहिली. आजीच्या बाजूने एवढा भक्कम पुरावा आला आहे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की खाजवल्याने कातडीवरचे काही जंतू घटतात, म्हणजे निसर्गाने ही सवय अगदीच फुकट दिलेली नाही. पण मातीच्या नखांनी फोडलेली गांध चिघळते, हे वस्तीवर कुणालाही विचारा.

डोळ्याजवळची सूज दोन दिवसांत उतरली. रात्री डॉक्टरांनी दिलेली हिस्टामिनविरोधी गोळी घेऊन पोर शांत झोपली. मात्र चाव्यानंतर ताप, अंगदुखी, पुरळ आले तर बटवा बंद करून दवाखाना गाठायचा. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये सापडला तो शेजारच्या पुरंदर तालुक्यात, बेलसरला. झिका पसरवणारा एडिस डास नदीच्या घाणीतला नव्हे. घरच्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढणारा आणि दिवसा चावणारा.

मधमाशीचं तर वेगळंच प्रकरण. तिचा काटा कातडीत अडकतो, विषाची पिशवीही मागे राहते आणि ती एकटीच विष ढकलत राहते. चिमटीत धरू नका, खरवडून काढा, असं सांगतात. १९९६ साली लॅन्सेटमधल्या एका प्रयोगाने दाखवलं की पद्धतीने फरक पडत नाही, पडतो उशिराने. हाताला येईल तसा काढा, पण लगेच. ओठ-जीभ सुजली, दम लागला, घेरी आली तर ही अंगभर झालेली मास्ट पेशींची आतषबाजी असते. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, तेही तातडीने.

आणि पाण्याच्या टाकीखाली किंवा वडाच्या फांदीला आग्या मोहोळ लटकलेलं असेल, तर एक शेवटची गोष्ट. मधमाशी चावते तेव्हा काट्याजवळून आयसोपेंटाइल ॲसिटेट सुटतं. बाकीच्या माश्यांना तो हल्ल्याचा हुकूम असतो. त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा येतो. उसाच्या बांधावर, जिथे केळ्याचं झाड नाही तिथे, एक दंश होऊन तो वास नाकात शिरला तर काटा काढायलाही थांबू नका, कांदा नाही नि चुना नाही. डोकं-तोंड झाका आणि घराच्या दिशेने पळत सुटा.