काच गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग. बोललो तसाच लिहिलाय.

गेल्या महिन्यात आर्वीहून मामांचा फोन आला. "अरे, गाडीची काच गेली ना."
"कोणती काच, मामा?"
"कोणती म्हंजे? काच ना बाप्पा!"

मी सॉफ्टवेअरवाला. 'ॲप चालत नाही' एवढाच निरोप आला की आमचं जे होतं, तेच माझं झालं. मामा नवी काच घ्यायलाच निघाले होते. वर्ध्याला गाडी दाखवली, तर काच शाबूत! दाराच्या आत काच वर-खाली करणारा रेग्युलेटर असतो. गॅरेजवाले त्याला नुसतं 'मशीन' म्हणतात. त्याची केबल तुटली होती आणि काच दारात घसरली होती.

म्हणून आज नावं नीट समजून घेऊ.

समोरची काच म्हणजे विंडशील्ड. ही लॅमिनेटेड असते: काचेचे दोन थर आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पडदा. दगड लागला तर तडे जातात, पण तुकडे पडद्याला चिकटून राहतात. छोटा टवका उडाला असेल तर रेझिन भरून काम भागू शकतं. कडेला काळी, ठिपक्यांची पट्टी दिसते ना? ती फ्रिट. काच जिथे चिकटवलेली असते, तिथला गोंद ती उन्हापासून वाचवते. आपल्या मे महिन्यात हे काम किती मोठं आहे, ते वेगळं सांगायला नको.

दारांच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. काच 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात, त्यामुळे ती मजबूत होते. पण फुटली की एकदम सगळी फुटते आणि बारीक, बोथट तुकडे होतात. हिची दुरुस्ती नाही, बदलावीच लागते. मागच्या काचेवरच्या बारीक रेघा म्हणजे धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या तारा. पुसताना त्या खरवडू नका. मागच्या बाजूची छोटी, बहुधा न उघडणारी काच म्हणजे क्वार्टर ग्लास. काच ज्या रबरी खाचेतून सरकते, तो रन चॅनेल. काच जड चढत असेल तर आधी त्यातली धूळ बघा.

आता हे सगळं का सांगतोय? 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटून पेटली. 25 प्रवासी गेले. त्यांत आपल्या वर्ध्याचेही होते. जे वाचले, त्यांतले काही काच फोडून बाहेर पडले.

अशा वेळी विंडशील्डवर हातोडी मारून वेळ जातो. पडदा वाट देत नाही. टफन्ड काच शोधा आणि टोकदार हातोडीने तिच्या कोपऱ्याजवळ मारा, मध्यभागी नाही. काही नव्या गाड्यांत दारांच्या काचाही लॅमिनेटेड असतात, म्हणून अंदाजाने चालू नका. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत प्रकार छापलेला असतो, तो आजच वाचून ठेवा. बसमध्ये बसलात की आपत्कालीन खिडकी आणि हातोडी कुठे आहे, तेही बघा.

मामांनी परवा फोन केला. "समोर लॅमिनेटेड, दाराला टफन्ड. चारही दारं पाहिली." तुमच्या गाडीवर काय लिहिलंय? बघून या, मग पुढच्या भागात भेटू.