टाकीतील पाणी, दिल्लीचा उन्हाळा आणि सेन्सरचे चुकणारे आकडे

पाण्याच्या टाकीवर पातळीमापक बसवून पंप आपोआप चालू-बंद करण्याची हौस राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील शेतांवरही दिसते. लाल किल्ल्यासमोरील लाजपतराय मार्केटसारख्या बाजारात मिळणारा एचसी-एसआर०४ हा श्राव्यातीत सेन्सर आणि आर्डुइनो बोर्ड एवढ्यावर हे यंत्र उभे राहते. काही दिवस ते चोख चालते. पुढे आकडे चुकू लागतात, सेन्सर सदोष ठरवून बदलला जातो आणि नवाही तसाच वागतो. पिकाच्या रोगनिदानाचा नियम येथेही लागू पडतो: औषधापूर्वी लक्षण पाहावे. आकडे एकाच दिशेने सरकतात, की मध्येच उड्या मारतात? दोहोंची कारणे निराळी आहेत.

हा सेन्सर मुळात अंतर मोजतच नाही. ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडून प्रतिध्वनी परतेपर्यंतचा वेळ तो मोजतो. अंतर काढतो तो प्रोग्राम. प्रचलित प्रोग्राममध्ये मायक्रोसेकंदांना ५८ने भागून सेंटिमीटर काढतात. हा ५८ सुमारे २२ अंश सेल्सिअसच्या हवेसाठी बरोबर आहे. हवेतील ध्वनीचा वेग मात्र प्रत्येक अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दिल्लीत जानेवारीच्या पहाटे ५ अंशांना तो ३३४ मीटर, तर मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांना ३५९ मीटर असतो. परिणामी, पाणी सेन्सरपासून नेमके २०० सें.मी. खाली असताना तोच प्रोग्राम हिवाळ्यात २०६ आणि उन्हाळ्यात १९२ सें.मी. दाखवतो. एक मीटर व्यासाच्या टाकीत हा १४ सें.मी.चा फरक म्हणजे जवळजवळ ११० लिटर पाणी.

ही चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. टाकी भरलेली असताना ती जाणवत नाही. टाकी रिकामी होत आली की सर्वाधिक असते. त्यातही उन्हाळ्यात पाणी प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसते, म्हणून टाकीतून पाणी उपसणारा पंप थांबायला हवा तेव्हा तो कोरडा चालत राहतो. उपाय स्वस्त आहे: डीएस१८बी२० हा तापमापक जोडावा आणि ध्वनीचा वेग ३३१.३ अधिक तापमानाची ०.६०६ पट असा प्रत्येक वेळी काढावा. तापमापक टाकीच्या आतील हवेत असावा. काळ्या टाकीच्या झाकणाखालची हवा बाहेरच्या सावलीपेक्षा बरीच तापलेली असते.

उड्या मारणाऱ्या आकड्यांचे मूळ बहुधा वीजपुरवठ्यात असते. पंपाचा रिले ओढताच ५ व्होल्टचा पुरवठा क्षणभर खचतो. सेन्सरच्या पुरवठ्याच्या दोन टोकांवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि रिलेला स्वतंत्र पुरवठा द्यावा. दोन मोजण्यांत ६० मिलिसेकंद तरी जाऊ द्यावेत, अन्यथा आधीचा प्रतिध्वनी नंतरच्या मोजणीत मिसळतो. पाच मोजण्यांची सरासरी घेण्यापेक्षा त्यांचा मध्यक घ्यावा, कारण एक भरकटलेला आकडा सरासरी बिघडवतो. प्रतिध्वनी आलाच नाही तर आर्डुइनोचे नेहमीचे फंक्शन ० हा आकडा देते. प्रोग्रामला तो ‘अंतर शून्य, टाकी भरलेली’ असा वाटतो. शून्य आल्यास पंप थांबवावा, ही अट लिहायला विसरू नये.

पिकाची उंची मोजताना प्रश्न वेगळा येतो. पानांच्या तिरप्या, थरांच्या पृष्ठावरून ध्वनी विखुरतो आणि मोजणी कधी शेंड्याची, कधी जमिनीची होते. मऊ पृष्ठ तर ध्वनी शोषून घेते. काही पतंगांच्या अंगावरील दाट लव वटवाघळाचा ध्वनी अशीच शोषते आणि त्यांचा बचाव करते. तेथे जे वरदान, ते येथे अडचण. अशा ठिकाणी सेन्सर सरळ खाली रोखून अनेक जागी मोजावे, एका आकड्यावर विसंबू नये.

टाकीत जलरोधक जेएसएन-एसआर०४टी हा प्रकार बरा, कारण साध्या सेन्सरच्या जाळीवर बाष्प साठते. मात्र सुमारे २५ सें.मी.च्या आतील पाणी त्याला दिसत नाही, म्हणून पाण्याच्या सर्वोच्च पातळीपासून तो तितका वर हवा. त्याभोवती पाइपचा तुकडा बसवला असल्यास पावसाळ्यानंतर आत डोकवावे. कोळ्याची जाळी आणि कुंभारीण माशीचे मातीचे घर या दोहोंना अशी आडोशाची जागा आवडते. कोरड्या ब्रशने ती साफ करता येते. पाण्याचा फवारा मारू नये.