जागेचे मोल ठरते, नावाचे कोण ठरवणार?

ओमती (जबलपूर) : ओमतीसारख्या भरवस्तीतील दुकानगाळ्याची किंमत ठरवणे अनुभवी मूल्यांकनकाराला अवघड जात नाही. मध्य प्रदेश शासनाचे गाइडलाइन दर त्याच्या हाताशी असतात. महाराष्ट्रातील रेडी रेकनरचाच हा प्रकार. शेजारच्या गाळ्यांचे नोंदणीकृत व्यवहार पाहता येतात, बांधकामाचे वय आणि क्षेत्रफळ मोजता येते. मात्र त्याच गाळ्यातील भाडेकरू व्यावसायिकाने बँकेला सांगितले, की जागा माझी नाही, पण वीस वर्षे चाललेले नाव माझे आहे, व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेले आहे, तेच तारण घ्या, तर त्या नावाची किंमत कोणी आणि कशी लिहून द्यायची, हा प्रश्न उभा राहतो.

कायद्याची यास आडकाठी नाही. बँकांना तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातील ‘मालमत्ता’ या शब्दात पेटंट, कॉपीराइट, व्यापारचिन्ह, परवाना अशा अमूर्त मालमत्तांचाही समावेश आहे. अडचण आहे ती मूल्यांकन करणाऱ्यांच्या तयारीची.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ अन्वये नोंदणीकृत मूल्यांकनकारांची व्यवस्था निर्माण झाली आणि २०१७ च्या नियमांनी तिला आकार दिला. भारतीय दिवाळखोरी व नादारी मंडळ ही त्यांची नोंदणी करणारी संस्था. मालमत्तेचे वर्ग तीन : जमीन व इमारत, संयंत्र व यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता. बौद्धिक संपदेसाठी स्वतंत्र वर्ग नाही. अमूर्त मालमत्तेचा विषय तिसऱ्या वर्गाकडे जातो. त्या वर्गात सनदी लेखापाल, कंपनी सचिव, परिव्यय लेखापाल आणि वित्त विषयाचे पदव्युत्तर येतात. पहिल्या वर्गात स्थापत्य अभियंते, वास्तुविशारद आणि नगररचनाकार असतात. लहान शहरातील कर्जदाराला ‘व्हॅल्युअर’ म्हणून परिचित असतो तो सहसा हाच पहिला वर्ग.

दोन्ही कामांत मूलभूत फरक आहे. गाळ्याच्या किमतीसाठी शेजारचा गाळा पाहता येतो. नावाला शेजारी नसतो. त्यामुळे बाजारभावाची पद्धत येथे क्वचितच उपयोगी पडते. खर्चाची पद्धतही दिशाभूल करते, कारण संशोधनावर कोटी रुपये खर्चूनही पेटंट निरुपयोगी ठरू शकते. उरते ती उत्पन्नाची पद्धत. हे नाव स्वतःचे नसते, तर ते वापरण्यासाठी दरवर्षी किती स्वामित्वशुल्क द्यावे लागले असते, याचा हिशेब मांडून भविष्यातील त्या बचतीचे आजचे मूल्य काढले जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. फरसाणाच्या एका उत्पादकाची वार्षिक विक्री दोन कोटी रुपये आहे. स्वामित्वशुल्क तीन टक्के धरले तर सहा लाख. २५ टक्के कर वजा जाता साडेचार लाख. विक्री स्थिर मानून २० टक्के वटाव दर लावला, तर नावाची किंमत साडेबावीस लाख होते. आता शुल्क पाच टक्के आणि वटाव दर १५ टक्के धरा. उत्तर थेट ५० लाख! फरसाण तेच, नाव तेच. बदलली ती केवळ दोन गृहीतके, आणि त्यांचे समर्थन करणे हेच मूल्यांकनकाराचे खरे काम.

गृहीतके कोसळली तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. किंगफिशर एअरलाइन्सच्या नाममुद्रेचे मूल्य एकेकाळी चार हजार कोटी रुपयांहून अधिक ठरवण्यात आले होते आणि बँकांनी ती तारण घेतली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमाने जमिनीवर आली. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी तिचा लिलाव पुकारला, तेव्हा राखीव किंमत ३६६.७० कोटी होती, म्हणजे मूळ आकड्याच्या दहा टक्क्यांहूनही कमी. तरीही एकही बोली आली नाही. याच कंपनीच्या विलेपार्ले येथील किंगफिशर हाउसचे पहिले लिलावही फसले. १५० कोटींपासून सुरू झालेली ती इमारत अखेर २०२१ मध्ये सुमारे ५२ कोटींना गेली. इमारतीला पडत्या भावात का होईना, ग्राहक मिळाला. उडणे थांबलेल्या विमानसेवेच्या नावाला तो मिळाला नाही.

जमिनीची सवय असलेल्या मूल्यांकनकाराला आणखी एक गोष्ट नव्याने शिकावी लागते : हक्काचे आयुष्य. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांनी संपते आणि नूतनीकरण शुल्क चुकले तर त्याआधीही. व्यापारचिन्ह दर दहा वर्षांनी नूतनीकृत करावे लागते. काही हक्क तर तारण ठेवताच येत नाहीत. जबलपूरचेच पाहा. भेडाघाटच्या संगमरवरी शिल्पकलेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याचे कलम २४ असे नोंदणीकृत हक्क हस्तांतरित करण्यास, गहाण वा तारण ठेवण्यास मनाई करते. कोल्हापुरी चपलेच्या कारागिरालाही हेच लागू. मानांकनामुळे मालाला चार पैसे जास्त मिळू शकतात, पण ते दाखवून कर्ज मागता येत नाही. हे ठाऊक नसलेला मूल्यांकनकार कारागीर आणि बँक या दोघांचेही नुकसान करील.

अभियंत्यांना या कामाशी संबंधच नको, असा याचा अर्थ नाही. कारखान्याच्या मूल्यांकनात जमीन, यंत्रे आणि नाव एकत्रच समोर येतात. २०१७ च्या नियमांनुसार नोंदणीकृत मूल्यांकनकार दुसऱ्या वर्गातील नोंदणीकृत सहकाऱ्याकडून स्वतंत्र मूल्यांकन घेऊ शकतो. मात्र ते कोणाकडून घेतले, हे अहवालात स्पष्ट नमूद करावे लागते आणि अंतिम आकड्याचे दायित्व अहवालावर सही करणाऱ्या पहिल्या मूल्यांकनकाराकडेच राहते.