‘तू फक्त सही कर’ असं कोणी म्हटलं तर? डायरेक्टर होण्याआधी हे वाचा



परवा दुकानात एक नेहमीचे गिऱ्हाईक आले. फॅब्रिकेशनचं काम करतात, आता प्रायव्हेट लिमिटेड काढतायत. म्हणाले, "सर, दोन डायरेक्टर लागतात ना? दुसरं नाव मिसेसचं टाकतो. तिला काही करायचं नाहीये, फक्त सही."

मी बिल बाजूला ठेवलं आणि त्यांना स्टुलावर बसवलं. कारण ही ‘फक्त सही’ मला स्वतःला पाच वर्षं महागात पडलीये.

माझी गोष्ट

बीबीए झाल्यावर २०१३ मध्ये एका मित्राने कंपनी काढली. दुसरा डायरेक्टर मी. दीड वर्षात धंदा बसला. मित्र नोकरीला लागला, मी बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात. कंपनी संपली असं आम्ही धरून चाललो. पण शटर ओढलं म्हणजे कंपनी बंद होत नाही! कागदावर ती चालूच होती आणि दरवर्षीचे हिशोब भरायचे राहत होते.

२०१७ मध्ये सरकारने तीन लाखांहून जास्त डायरेक्टर अपात्र ठरवले. सलग तीन वर्षं कंपनीचे ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र भरलं नाही, तर पाच वर्षं तुम्ही कुठल्याही दुसऱ्या कंपनीत डायरेक्टर होऊ शकत नाही, असा नियम आहे. त्या यादीत माझंही नाव होतं. मला कळलं कधी? भावाबरोबर नवी कंपनी काढून एक डीलरशिप घ्यायची होती, तेव्हा. सीए म्हणाले, "तुमचा डिन बंद आहे." डीलरशिप दुसऱ्याला गेली.

मी एक रुपया खाल्ला नव्हता. पण डायरेक्टर असून काहीच केलं नव्हतं, आणि चूक तीच होती.

‘लिमिटेड’ कोणासाठी?

इथे बहुतेकांचा घोळ होतो. ‘लिमिटेड’ हे संरक्षण शेअरहोल्डरला आहे. कंपनी बुडाली तर त्याचे शेअरचे पैसे जातात, घर जात नाही. डायरेक्टरची खुर्ची वेगळी. आपल्या छोट्या कंपन्यांत माणूस एकच असतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकच वाटतात.

कंपनी कायदा २०१३, कलम १६६ मध्ये डायरेक्टरची कर्तव्यं लिहिली आहेत. साध्या भाषेत सांगतो:

- कंपनीच्या नियमावलीप्रमाणे वागायचं.
- प्रामाणिकपणे कंपनीच्या, सगळ्या भागधारकांच्या आणि कामगारांच्या हिताचं बघायचं.
- काळजीपूर्वक, स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यायचा. ‘ह्यांनी सांगितलं म्हणून सही केली’ हे उत्तर चालत नाही.
- कंपनीचं हित एकीकडे आणि आपला फायदा दुसरीकडे, अशा व्यवहारात अडकायचं नाही.
- स्वतःला किंवा नातेवाइकांना गैर फायदा करून द्यायचा नाही.
- आपलं पद दुसऱ्याला देऊन टाकायचं नाही.

हे मोडलं तर दंड १ लाख ते ५ लाख रुपये. वर, मेहुण्याच्या दुकानातून मुद्दाम चढ्या भावाने माल घेऊन घरचा फायदा केला असेल, तर तेवढी रक्कम कंपनीला परत करावी लागते. मुद्दाम फसवणूक केली तर कलम ४४७ लागतं आणि तिथे दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे.

फटका कुठे बसतो?

कंपनीचा गल्ला: प्रोप्रायटरशिपमध्ये गल्ल्यातून पैसे उचलायची सवय असते. कंपनीत तो पैसा तुमचा नाही, कंपनीचा आहे. डायरेक्टरने कंपनीकडून कर्ज घेण्यावर कलम १८५ ची बंदी आहे. काही प्रायव्हेट कंपन्यांना अटींवर सूट आहे, पण ती आपल्याला लागू होते का हे आधी विचारा.

आयकर: प्रायव्हेट कंपनीकडून थकलेला कर वसूल झाला नाही, तर तो त्या काळातल्या डायरेक्टरकडून वसूल करता येतो. वसुली न होण्यामागे आपला मोठा हलगर्जीपणा किंवा कर्तव्यातली कसूर नव्हती, हे डायरेक्टरनेच सिद्ध करायचं असतं.

चेक बाउन्स: चेक कंपनीचा असला तरी त्यावर सही करणारा आणि तेव्हा कारभार बघणारा डायरेक्टर केसमध्ये येतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

उशीर: ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र वेळेत भरलं नाही तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा फी. हिशोब तुम्हीच करा.

मग घाबरायचं का?

नाही. धंदा तोट्यात गेला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. प्रामाणिकपणे आणि शहाणपणाने वागलेल्या डायरेक्टरला कोर्ट जबाबदारीतून सूट देऊ शकतं. पण तुम्ही तसे वागलात हे कागदावर दिसलं पाहिजे. म्हणून:

१. मीटिंगला बसा आणि मिनिट्स वाचून मगच सही करा. निर्णय पटला नाही तर विरोध मिनिट्समध्ये नोंदवून घ्या.

२. दरवर्षी सीए किंवा सीएसकडून भरलेल्या फॉर्मची पावती मागा. ‘भरलंय’ या शब्दावर थांबू नका.

३. बाहेर पडायचं असेल तर लेखी राजीनामा द्या, पोच घ्या आणि एमसीए पोर्टलवर नोंद झाली का बघा. राजीनाम्याआधीच्या चुकांची जबाबदारी मात्र राहतेच.

४. कंपनी चालवायची नसेल तर रीतसर बंद करा.

आमच्या त्या गिऱ्हाइकांनी काय केलं? चार दिवसांनी मिसेसना घेऊनच आले. वहिनींनी पहिला प्रश्न विचारला, "बँक स्टेटमेंट मला दर महिन्याला मिळेल ना?" मी म्हटलं, वहिनी, तुम्ही व्हा डायरेक्टर!

आजचा गृहपाठ: तुमचं किंवा घरातल्या कोणाचं नाव एखाद्या जुन्या कंपनीत अडकलंय का, ते आजच तपासा. मी दुकानदार आहे, वकील नाही. त्यामुळे तुमच्या केससाठी सीएसचा सल्ला घ्याच.

भेटू पुढच्या व्हिडिओत!